दुसरी मेंढरे

समीक्षेचा लेख दिसला की दिवाळी अंकाचा वाचक हळूच पान उलटतो आणि कथेच्या नाहीतर चकलीच्या शोधात पुढे निघतो, हे मला ठाऊक आहे. त्यातून आज ज्या लेखनाविषयी लिहायचे आहे, त्याला वाङ्मय म्हणावे की नाही यावरच विद्वानांत वाद होईल. ते आहे सेवेच्या सफरींचे वाङ्मय. शहरातल्या चर्चचा तरुण संघ मे महिन्याच्या किंवा नाताळाच्या सुटीत एखाद्या खेड्यावर जातो. आठ-दहा दिवस राहतो, शाळेची भिंत रंगवतो, डोळे तपासण्याचे शिबिर भरवतो, मुलांना गाणी शिकवतो आणि परत येतो. मग रविवारच्या उपासनेनंतर त्यातले दोघे-चौघे मंडळीपुढे उभे राहून ‘साक्ष’ देतात, आणि तीच साक्ष पुढे पत्रकात छापून येते. जगभर अशा साक्षींचा ढीग पडला आहे. कवितेच्या वाट्याला टीकाकार येतात, कादंबरीच्या तर अंगावर येतात. या ढिगाकडे मात्र कोणी टीकाकाराच्या नजरेने पाहत नाही. चांगल्या कामाच्या हकिकतीला नावे कशी ठेवायची, हा संकोच आड येतो. मला तो संकोच थोडा कमी आहे, कारण या सफरी जिथून निघतात तिथे मी राहत नाही. त्या जिथे येऊन उतरतात, तिथला मी रहिवासी आहे.

आमचे इंझोरी वाशिम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात. कापूस, तूर, अलीकडे सोयाबीन. आसपास बंजाऱ्यांचे तांडे. पोहरादेवी याच तालुक्यातली. या मुलखाला सेवेकरी नवे नाहीत. आज जिला चर्च ऑफ द नाझरीन म्हणतात त्या मंडळीचे पहिले अमेरिकन मिशनरी 1898 साली बुलढाण्याला येऊन राहिले. 1930 च्या दशकात त्याच मंडळीच्या डॉ. ऑर्फा स्पायकर या बाईंनी वाशिमला दवाखाना उभा केला. त्याचे नाव रेनॉल्ड्स मेमोरियल. लोकांच्या तोंडी ‘मिशनचा दवाखाना’. तिथे परिचारिकांची शाळाही निघाली. स्पायकरबाई आयुष्यातली अनेक दशके या उन्हात राहिल्या. त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही आणि असण्याचे कारणही नाही. मी बोलणार आहे ते राहणाऱ्यांविषयी नव्हे. येऊन जाणाऱ्यांविषयी, आणि तेही त्यांच्या हाताने केलेल्या कामाविषयी नव्हे, लेखणीने केलेल्या कामाविषयी.

या मंडळीचे अमेरिकेत 1913 पासून कित्येक वर्षे एक मासिक निघत असे. परदेशांतल्या कामाच्या हकिकती त्यात येत. त्याचे नाव होते ‘दि अदर शीप’, म्हणजे ‘दुसरी मेंढरे’. नाव योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातून घेतलेले. या कळपातली नाहीत अशी माझी आणखी मेंढरे आहेत, असे येशू तिथे म्हणतो. म्हणजे बुलढाण्याचा, वाशिमचा, कदाचित आमच्या गावचा माणूसही त्या मासिकाच्या वाचकाला ‘दुसरे मेंढरू’ म्हणून परिचित झाला. यात अपमानाचा हेतू नव्हता, मायेचाच होता. पण गंमत अशी की त्याच अध्यायाच्या आरंभी मेंढपाळाची ओळख सांगितली आहे, ती अशी की तो आपल्या मेंढरांना ज्याच्या त्याच्या नावाने हाक मारतो. सेवेच्या सफरींच्या वाङ्मयाने अध्यायाचा सोळावा श्लोक उचलला आणि तिसरा तिथेच ठेवला. या वाङ्मयात ज्याची सेवा होते त्याला नाव नसते.

कोणतीही साक्ष घ्या. त्यात नावे असतात ती जाणाऱ्यांची. गाडी कोणाची होती, स्वयंपाक कोणी सांभाळला, गिटार कोणी वाजवली, सारे नावानिशी. ज्यांच्याकडे गेले ते ‘गावकरी’, ‘एक म्हातारी’, ‘गरीब पण हसरे चेहरे’. हा हसरा चेहरा तर या वाङ्मयातला चंद्र आहे. तो उगवल्याशिवाय एकही साक्ष पुरी होत नाही. आणि शेवटी ते ठरलेले वाक्य येते की आम्ही द्यायला गेलो आणि घेऊनच परत आलो, आम्हीच खूप शिकलो. मी अशा वेळी पेन्सिल घेऊन समासात लिहितो, काय शिकलात? कोणाकडून? मास्तरांचे नाव काय? उत्तर सापडत नाही. शाळेत वर्षभर जाऊन आलेल्या पोराला गुरुजींचे नाव सांगता आले नाही तर आपण म्हणू, हा गेलाच नव्हता.

ही तरुणांना उभे करून बोलायला लावण्याची चाल कोठून आली, तेही सांगतो. 1881 साली अमेरिकेतल्या मेन प्रांतात, पोर्टलंड गावी, फ्रान्सिस क्लार्क नावाच्या पाळकाने तरुणांसाठी ‘ख्रिश्चन एंडेव्हर’ नावाचा संघ काढला. पुढे जगभर पसरलेल्या चर्चच्या तरुण संघांचे तो एक मूळ समजला जातो. त्याच्या सभासदाला शपथ घ्यावी लागे की दर प्रार्थनासभेत मी हजर राहीन आणि नुसते गाण्यापुरते नव्हे, काहीतरी भाग घेईनच. हेतू चांगला होता. गप्प बसणाऱ्या पोरापोरींना तोंड फुटावे. तोंड फुटले. पण ज्याला दर आठवड्याला काहीतरी बोलावेच लागते तो शेवटी स्वतःविषयी बोलू लागतो, कारण तो विषय कायम हाताशी असतो. (आम्हा दिवाळी अंकांत लिहिणाऱ्यांना हे कोणी शिकवायला नको.) नाझरीन मंडळीने 1970 च्या दशकात अशा सफरींची रीतसर योजनाच सुरू केली आणि तिला नाव दिले ‘वर्क अँड विटनेस’, काम आणि साक्ष. स्वखर्चाने परदेशी जायचे, भिंती बांधायच्या, परत येऊन सांगायचे. काम आणि साक्ष ही जोडी एकदा नावातच बसली की सांगण्यासारखे होईल असे काम निवडण्याचा मोह कोणाला आवरणार!

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका तांड्यावर शहरातल्या एका तरुण संघाने डोळ्यांचे शिबिर घेतले. पुढे त्याचे पत्रक माझ्या हाती आले. किती जणांचे डोळे पाहिले, किती चष्मे वाटले, सारे व्यवस्थित होते. कामात खोट नव्हती. शिबिराला गेलेल्या आमच्या गावच्या एका म्हातारीला मी विचारले, कसे काय झाले? ती म्हणाली, “लेकरं लय गुनाचे होते, बाप्पा. पन माहं नाव कोनं नाई इचारलं. हातात आकड्याची चिठ्ठी देल्ली, तोच आकडा मी दिवसभर सांगत रायली.” मग जरा थांबून म्हणाली, “एक पोरगी मात्र चुलीपाशी येऊन बसली. धूर लागे तं डोये पुसे, पन उठली नाई. तिले भाकर थापता येत नाई म्हणून मी लय हासली.” पत्रकात ती चूल नाही. त्या मुलीनेही ते लिहिले नसेल, कारण चुलीपाशी बसणे हे काम नव्हे आणि भाकरी न येणे ही साक्ष नव्हे. पण आठवडाभराच्या त्या सफरीत वाङ्मय म्हणण्यासारखे काही घडले असेल तर ते तिथेच घडले, कारण तिथे आलेली हसली गेली आणि गावची हसली.

मराठीत या वाटेवरचे पहिले पुस्तक फार जुने आहे. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ 1857 साली छापले गेले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण परीक्षेपुरते ते नाव पाठ करतो आणि विसरतो. पदमनजींनी त्याच्या तीनच वर्षे आधी, 1854 साली, बाप्तिस्मा घेतलेला. पुस्तकात यमुना आणि विनायक हे तरुण जोडपे प्रवासाला निघते आणि वाटेत भेटणाऱ्या विधवांची दुःखे पाहत, ऐकत जाते. दुःख पाहण्यासाठी तरुणांनी केलेली मराठी साहित्यातली ही पहिली सफर म्हटली तरी चालेल. कलेच्या दृष्टीने पुस्तक ओबडधोबड आहे. विधवा येतात, आपली कहाणी सांगतात आणि जातात; जणू एकेक जण रांगेत उभी आहे आणि हातात आकड्याची चिठ्ठी आहे. लेखकाला स्त्रीपेक्षा तिची स्थिती दाखवायची आहे, हे त्याच्या लांबलचक पोटशीर्षकातच लिहिले आहे. इथवर मी त्याला अहवालांच्याच ढिगात टाकले असते. पण पुढे विनायक मरतो आणि यमुना स्वतःच विधवा होते. पाहायला निघालेली पाहिली जाणाऱ्यांत जाऊन बसते. या एका वळणाने पदमनजींचे पुस्तक अहवालाचे कादंबरी झाले, असे मला वाटते. पुढे ती ख्रिस्ती होते, पुनर्विवाह करते. ते सारे लेखकाच्या मतांना शोभेसे आहे. पण ते वळण त्याच्या मतांच्याही पलीकडे गेले आहे.

आणि पाहा, ज्यांनी या विषयावर खरे लिहिले त्यांच्या आयुष्यात हे वळण येऊन गेलेले दिसते. पंडिता रमाबाई 1896-97 च्या दुष्काळात मध्यप्रांतात गेल्या आणि तिथल्या अनाथ मुली-बायकांना सोबत घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातूनच वाढले. ही सफर त्यांना का घडली, हे कळायला त्यांचे पूर्वायुष्य पाहावे लागते. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी स्वतः उपाशी पायी भटकंती केली होती आणि आईवडील गमावले होते. दुष्काळाविषयी त्या लिहितात तेव्हा भूक त्यांना बाहेरून पाहावी लागत नाही. पुढे 1905 च्या सुमारास केडगावच्या मुलींच्या टोळ्या प्रार्थनेसाठी आणि उपदेशासाठी गावोगाव जाऊ लागल्या. काल ज्यांना आणले त्याच आज निघाल्या! त्या मुलींनी काय पाहिले, काय लिहिले असते, याचे मला फार कुतूहल आहे. ते कागद मराठीत असते तर मी हा लेख त्यांच्यावरच लिहिला असता.

पण मराठीपुरते बोलायचे तर या विषयावरचा खरा ग्रंथ लक्ष्मीबाई टिळकांचा. ‘स्मृतिचित्रे’ 1934 ते 1937 या काळात चार भागांत आले. त्याला आपण आत्मचरित्र म्हणतो, संसाराची कथा म्हणतो, विनोदाचा ठेवा म्हणतो, सारे खरेच. मी त्याला सेवेच्या वाङ्मयावरची सर्वांत कडक आणि सर्वांत प्रेमळ टीका म्हणतो.

नारायण वामन टिळक म्हणजे सेवेचा झपाटा. समोर दुःखी माणूस दिसला की खिसा रिकामा. घरात पोरकी मुले येत, अनोळखी पाहुणे येत, पगार येई आणि आल्या वाटेने जाई. टिळकांचे चरित्र दुसऱ्या कोणी लिहिले असते तर या औदार्याची आरती झाली असती. लक्ष्मीबाई आरती करीत नाहीत. त्या डबा उघडून दाखवतात आणि डब्यात पीठ नसते. सेवा करणारा एक आणि घेणारा एक, एवढ्या दोघांचाच हिशेब आपले अहवाल मांडतात. या बाई तिसऱ्याच जागेवर उभ्या आहेत. ती सेवा जिच्या स्वयंपाकघरातून खर्च होते तिची ती जागा. आणि तिथे उभ्या राहून त्या चिडतात, भांडतात, हसतात आणि शेवटी त्या पोरक्या मुलांना न्हाऊमाखू घालतातच. मोठा शब्द एकही नाही. विशेषणांची काटकसर तर अशी की जणू तीही महिनाअखेरीपर्यंत पुरवायची आहेत.

त्यांना हे कशामुळे साधले? माझे उत्तर असे आहे. 1895 साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई नातेवाइकांच्या आश्रयाला राहिल्या. नवरा जिवंत असून सोडलेली बाई! त्या चार-पाच वर्षांत जो तो त्यांची कीव करीत होता, सल्ला देत होता, सांत्वन करीत होता. दयेची चव कशी लागते ते त्यांनी ताटात घेऊन पाहिले. म्हणून पुढे त्यांच्या हातून कोणावर दया झाली तर त्या व्यक्तीचा हट्ट, तिची खोड, तिचे तोंड त्या विसरत नाहीत. दुसरे म्हणजे त्यांचे सोवळे. नवऱ्याकडे परतल्या तरी त्यांनी ते सोडले नाही. भोवती सारी मिशनची माणसे आणि यांचे आपले पाणी निराळे. ते त्यांनी सोडले ते कोणाच्या उपदेशाने नव्हे. जातपात देवाने केली का, असा विचार स्वतःशी केला आणि सोडले. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तोही आपल्या पायांनी चालत जाऊन. हा भाग वाचताना मला नेहमी वाटते की मेंढराच्या बाजूने लिहिलेले असे पान कोणत्या मिशनच्या मासिकात मिळणार!

टिळकांनाही ते शेवटी कळले होते. 1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उघडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही बसू शकत. पोसणारा आणि पोसला जाणारा या नात्यात भाऊपण उरत नाही, असा त्या निर्णयाचा अर्थ मी लावतो. 1919 साली ते गेले. दरबार फार वाढला नाही.

दुसऱ्या बाजूचे कागदही मी पाहतो, नाहीतर हा लेख एकांगी होईल. आमचे वऱ्हाड मध्यप्रदेशात होते तेव्हा, 1954 साली, सरकारने नागपूरच्या भवानीशंकर नियोगींच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. समिती अकोला, बुलढाणा, यवतमाळ, अमरावतीकडेही आली. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात. 99 प्रश्नांची प्रश्नावली निघाली आणि 1956 साली अहवाल आला. त्यावर देशभर रण माजले. सेवेच्या आडून धर्मांतर होते, हा एका बाजूचा आरोप. आमची बदनामी होते, हा दुसऱ्या बाजूचा. त्या वादात कोण बरोबर हे ठरवायला मी बसलेलो नाही. टीकाकार म्हणून मला एवढेच दिसते की खाटेवरचा रोगी दोन्ही बाजूंच्या लेखनात सारखाच गप्प आहे. एका कागदात तो ‘वाचवलेला’ आहे, दुसऱ्यात ‘फसवलेला’. औषध घेऊन, प्रार्थना ऐकून घेऊन, मनात आपला विठोबा तसाच ठेवून घरी जाणारा वस्ताद म्हातारा दोघांच्याही हिशेबात बसत नाही. आणि आमच्याकडे तर अशा म्हाताऱ्यांची वाण नाही.

बाहेरच्या जगात या प्रकाराचा सर्वांत कडवा टीकाकार निघाला तोही चर्चच्या आतून. 1968 च्या एप्रिलात मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका गावी सेवेसाठी जमलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे इव्हान इलिच या कॅथलिक पाद्र्याने भाषण केले. मथळाच असा की सदिच्छा गेल्या खड्ड्यात! त्याचे म्हणणे होते की या, पाहा, डोंगर चढा, फुले बघा, भाषा शिका; मदत करायला मात्र येऊ नका. मला हे टोकाचे वाटते. डोळ्यांपुढे अंधार असलेल्या म्हातारीला चष्मा मिळाला तर तो खड्ड्यात का टाकावा? पण त्याचा एक मुद्दा मर्मी लागतो. ज्यांच्याकडे तुम्ही जाता त्यांची भाषा तुम्हाला येत नाही, म्हणून ते तुम्हाला काय म्हणतात तेही तुम्हाला कळत नाही. हसरा चेहरा दिसतो, हसण्याचे कारण कळत नाही. आमच्या म्हातारीचे ‘मी लय हासली’ पत्रकात आले नाही ते यामुळेच.

या बाबतीत आमच्या वऱ्हाडाचा अभिमान बाळगायला मला एक जागा आहे. गाडगेबाबा. शेंडगावला 1876 साली जन्मलेला, अक्षरशत्रू, हातात खराटा आणि मडके. तेही येऊन जाणारेच होते, मुक्कामाला राहणारे नव्हते! सकाळी गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे आणि निघून जायचे. पण त्यांच्या कीर्तनाची घडण पाहा. ते प्रश्न विचारीत आणि समोरची माणसे उत्तरे देत. कर्ज काढून लग्न करावे का? देवाला बोकड कशाला? उत्तर गावाच्याच तोंडून यायचे, गावच्याच बोलीत, आणि उत्तर चुकले की सभा हसायची. पाया पडायला आलेल्याला ते जवळ येऊ देत नसत. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी 1952 साली, बाबा हयात असतानाच, त्यांचे चरित्र लिहिले. त्याची भाषा प्रबोधनकारांची, म्हणजे तोफेची आहे. तरी त्यातून गावकऱ्यांचे आवाज ऐकू येतात, कारण चरित्रनायकाने ते आधीच बोलते करून ठेवले होते.

हे सारे चर्चच्या तरुणांपुरते आहे असे कोणी समजू नये. 1969 पासून कॉलेजांतून राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे खेड्यांत येतात आणि त्यांचे अहवाल मी वाचतो. तेच हसरे चेहरे, तेच ‘आम्हीच खूप शिकलो’. हल्ली दिवाळीत शहरांतली मंडळे फराळाची पाकिटे घेऊन तांड्यांवर येतात. फराळ चांगला असतो. छायाचित्रात पाकीट देणारा हात आणि पाकीट यांच्यामागे कोणाचा तरी चेहरा असतो, आणि खाली मंडळाच्या कार्यकर्त्यांची नावे डावीकडून उजवीकडे.

या सुटीत तुमच्या घरातले कोणी अशा सफरीला निघाले असेल तर त्याला अडवू नका. भिंतीला रंग हवाच असतो. फक्त त्याच्या पिशवीत ‘स्मृतिचित्रे’ टाकून द्या. पुस्तक जाड आहे, पोरे कुरकुरतील. म्हणावे, वाचवले नाही तर उशाला होईल. आमच्याकडे शाळेच्या फरशीवर झोपायचे असते आणि उशा मिळत नाहीत.